भाव आणून देणारा

फोन उचलला की तो 'हॅलो' म्हणत नसे. 'कोणता?' म्हणायचा. म्हणजे कोणत्या कंपनीचा भाव हवाय ते आधी सांगा, बाकीचं नंतर. एकदा राँग नंबर लागला. पलीकडच्या बाईंना गॅस सिलिंडर हवा होता. याचं 'कोणता?' ऐकून त्या बिचाऱ्या म्हणाल्या, "घरगुतीच हो, आमचं हॉटेल नाही." आम्ही सगळे पोट धरून हसलो. त्यानं मात्र "आमच्याकडे नाही" एवढं गंभीरपणे सांगून फोन ठेवला.

नाशिकला शरणपूर रोडवर आमच्या शेठचं शेअर दलालीचं ऑफिस होतं. मी तिथे फोन आणि कागदपत्रं सांभाळायचे, पुढे खरेदी-विक्रीच्या टर्मिनलवरही बसले. तो आला नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला. नामपूरचा, बी.एस्सी. झालेला, नुकतंच लग्न झालेलं, आणि शर्टाच्या खिशात कायम खडूचा तुकडा. खडू अशासाठी, की तेव्हा आमच्याकडे भाव फळ्यावर लिहिले जायचे. मुंबईला फोन लावायचा, पलीकडचा माणूस भराभरा आकडे सांगायचा, आणि हा कानाला रिसीव्हर दाबून फळा भरायचा. समोर बाकांवर रिटायर्ड मंडळी चष्मे पुसत बसलेली. फळ्यावर लिहितो म्हणून शेठ त्याला मास्तर म्हणत. खरी मास्तरीण त्याची बायको, नामपूरच्या झेडपीच्या शाळेत. माझ्यापेक्षा तो तीन-चार वर्षांनी लहान, म्हणून मी त्याला अरे-तुरे करायचे. तो मला ताई म्हणायचा आणि अहो-जाहो करायचा.

मुंबईचा फोन मध्येच कटला की फळ्याचा खालचा भाग कोरा राहायचा. शेठ वैतागायचे. "अरे मास्तर, कालचा भाव टाक, थोडा इकडेतिकडे कर. कोण बघायला बसलंय?"

तो त्या प्रत्येक कोऱ्या जागी सुबक अक्षरात 'नाही' असं लिहायचा. "नसेल तर नाही म्हणायचं, शेठ."

तसा तो काही फार तत्त्वनिष्ठ वगैरे नव्हता. ऑफिसच्या फोनवरून घरी एसटीडी लावायचा, डब्यातली भाजी आवडली नाही तर माझी खायचा. पण भावाच्या बाबतीत त्याचं हे असं होतं. आणि संध्याकाळी ऑफिसचं कुलूप लावलं की ते दोनदा ओढून पाहायचा, जिना अर्धा उतरून गेल्यावर परत वर यायचा आणि तिसऱ्यांदा ओढायचा. रिक्षावाला खाली हॉर्न वाजवत असायचा. मी म्हणायचे, "अरे, कुलूप आहे ते, म्हैस नाही दावं तोडून पळायला." तो मान डोलवायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

दोन हजार सालाच्या आसपास ऑफिसात इंटरनेट आलं आणि फळा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. याचा खडू गेला, पण हा गप्प बसणारा नव्हता. कॉलेज रोडला कुठल्याशा क्लासला जाऊन तो प्रोग्रॅमिंग शिकला होता. शेठना दर संध्याकाळी प्रत्येक गिऱ्हाइकाच्या शेअर्सची किंमत हवी असायची आणि ती एकेक आकडा बघून मला टाइप करावी लागायची. माझी बोटं वाचावीत म्हणून त्यानं कॉम्प्युटरवर एक गोष्ट तयार केली. बाजारात निघालेल्या माणसाला आपण सांगतो ना, येताना कांद्याचा भाव विचारून ये, तसं तिचं काम. कोणत्याही प्रोग्रॅमनं तिला कंपनीचं नाव सांगायचं. ती शेअर बाजाराच्या वेबसाइटवरच्या पानावर जायची, त्या गर्दीतून नेमका आकडा शोधायची आणि आणून द्यायची. अशा गोष्टीला प्रोग्रॅमवाले लायब्ररी म्हणतात.

या लायब्ररीची बातमी नामपूरला पोचली तेव्हा त्याच्या बायकोच्या हेडमास्तरांनी निरोप धाडला, की तुमच्या यजमानांच्या लायब्ररीतली जुनी पुस्तकं शाळेला मिळाली तर बरं होईल. तिनं समजावलं, पण तिलाच ते नीट समजलं नव्हतं. शेवटी यानं रद्दीवाल्याकडून पोतंभर गोष्टींची पुस्तकं घेतली आणि एसटीच्या टपावर टाकून नेली. हेडमास्तर खूश. त्यांच्या लेखी आजही नाशिकला त्याची मोठी लायब्ररी असणार.

ती लायब्ररी त्यानं इंटरनेटवर फुकट ठेवून दिली. ज्याला हवी त्यानं घ्यावी. आणि लोकांनी घेतली की हो! पुण्याचा कोणी इंजिनिअर, येवल्याचा एक पैठणीचा दुकानदार, गंगापूर रोडचे एक रिटायर्ड प्रिन्सिपॉल, अमेरिकेतला कोणी. त्यांचे घरचे प्रोग्रॅम रोज याच्या लायब्ररीला भाव विचारत. सगळं सुरळीत चालू असलं की यातल्या एकालाही याची आठवण यायची नाही. एक दिवस भाव आला नाही की मात्र फोनवर फोन. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांचं नाव काहीतरी बंद पडल्यावरच निघतं. आमच्याकडे हा होता.

आणि भाव न यायला काय लागतं? वेबसाइटवाल्यांना हुक्की यायची आणि ते पान बदलायचे. रकाना इकडचा तिकडे. माणसाला काही फरक पडत नाही, तो बघून घेतो. पण लायब्ररी बिचारी ठरल्या जागी हात घालायची आणि हाताला येईल ते घेऊन यायची. एकदा असा रकाना सरकला आणि तिनं भावाऐवजी दिवसभरात किती शेअर विकले गेले तो आकडा आणला. गंगापूर रोडचे प्रिन्सिपॉल सकाळी उठून बघतात तर करोडपती! सज्जन माणूस, आधी शेजारीपाजारी पेढे वाटले आणि मग खात्री करायला फोन केला.

"कोणता?" यानं विचारलं.

"सगळेच!" ते म्हणाले.

आम्ही आठवडाभर त्यावर हसलो. तो मात्र दोन दिवस नीट जेवला नाही. त्यानंतर त्यानं लायब्ररीलाही फळ्याची शिस्त लावली. जरा शंका आली की आकडा आणायचा नाही, 'नाही' असं सांगायचं. बाजार बंद झाल्यावर वेबसाइटवर काहीबाही दिसायचं, म्हणून आणखी एक नियम घातला. बाजार बंद व्हायची वेळ टळून गेली की पानावरचा नवा आकडा घ्यायचा नाही. त्या दिवशीचा भाव आधीच हाती असेल तर तो द्यायचा, नसेल तर 'नाही'.

इथून पुढे तो अडकत गेला. बायको-मुलगी नामपूरला, हा नाशिकला पंचवटीत एका खोलीत. बायकोनं बदलीचे अर्ज केले ते तसेच राहिले. यानं तिकडे जायचं म्हटलं तर नामपूरला फोनची लाइन लागली तर इंटरनेट नाही, इंटरनेट लागलं तर वीज नाही. शुक्रवारी संध्याकाळी सीबीएस स्टँडवरून सटाण्याची, पुढे नामपूरची एसटी धरायची आणि रविवारी परत यायचं, असा त्याचा संसार. त्यातही वेबसाइटवाल्यांना डागडुजी शुक्रवारी संध्याकाळीच सुचायची. पिशवी भरून टेबलाखाली ठेवलेली, हा पडद्यासमोर, आणि एसटी निघून गेलेली, हे मी किती वेळा पाहिलं.

"एवढं एक पान बसलं की निघालोच, ताई."

"अरे, सोमवारी येऊन बघ ना ते. मरतंय का कोणी?"

"पान बदललंय. माणूस लागतो."

हे त्याचं दुसरं पालुपद. माणूस लागतो. मला त्याचा राग यायचा, खरं सांगते. एवढी सगळी यंत्रं बनवली ती माणूस लागू नये म्हणून, आणि हा त्या यंत्राच्या उशाशी बसून राहिलेला. शेठनी त्याला धरून ठेवलं नव्हतं. पगारही काही डोळे दिपवणारा नव्हता. साखळी कुठे दिसायची नाही, पण माणूस जागचा हलायचा नाही.

मुलगी सातआठ वर्षांची असताना एकदा ऑफिसात तिचा फोन आला. आधी दोनदा येऊन गेला होता आणि दोन्ही वेळा यानं "नंतर बोलू, बेटा" म्हणून ठेवला होता. तिसऱ्या वेळी यानं सवयीनं विचारलं, "कोणता?" आणि पलीकडून बारीक आवाज आला, "भाव येत नाहीये."

हा खुर्चीत ताठ झाला. कागद ओढला, पेन घेतलं. "कुठून बोलताय? कधीपासून येत नाहीये?"

"नामपूरहून. सोमवारपासून," ती म्हणाली. आणि मग रडायला लागली. "पप्पा, तुम्ही कवय येशात?"

भाव येत नाही म्हटलं की आपले पप्पा फोन ठेवत नाहीत, हे त्या पोरीनं बरोबर ओळखलं होतं. कधी येणार, म्हणून. "येसू, बेटा, येसू," येतो, येतो, असं तो त्यांच्या अहिराणीत म्हणत राहिला. मी टर्मिनलकडे तोंड करून बसले. माझेही डोळे भरले होते.

सगळ्यात वाईट दिवस लक्ष्मीपूजनाचा. त्या दिवशी शेअर बाजार दिवसभर बंद असतो आणि संध्याकाळी तासभर उघडतो, मुहूर्ताच्या सौद्यांसाठी. घरोघरी लक्ष्मीपुढे दिवे लागत असतात तेव्हा आमच्याकडे शेठ नवा सदरा घालून, कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहून, एखाददुसरा शेअर घेतात. फायद्याला नाही, शकुनाला. आणि नेमकी ही संध्याकाळ लायब्ररीच्या नियमात बसायची नाही. तिच्या लेखी बाजार बंद व्हायची वेळ कधीच टळलेली, दिवसभरातला भाव हाती नाही, म्हणजे 'नाही'. म्हणून दरवर्षी तो तासभरापुरता तो नियम काढायचा, तास संपला की परत घालायचा. लायब्ररीची चावी, म्हणजे पासवर्ड, त्याच्या एकट्याकडे.

"हे कायमचं का करून टाकत नाहीस?" मी विचारायचे.

"मुहूर्ताची वेळ दरवर्षी वेगळी. पानही कधीकधी वेगळं टाकतात. माणूस लागतो, ताई."

आधी मुहूर्ताचा फळा, मग ही लायब्ररी, त्यामुळे लग्नानंतर एकाही लक्ष्मीपूजनाला तो घरी नव्हता. पाडव्याच्या पहाटेची एसटी धरून जायचा. मुलगी लक्ष्मीपूजनाला अंगणभर रांगोळी काढायची, आणि तो पोचेपर्यंत ती येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांनी पुसलेली असायची. आपल्या लेकीची रांगोळी त्यानं कधी अख्खी पाहिली नव्हती.

ती बारावीला गेली त्या वर्षी दिवाळीआधी तिनं मला फोन केला. त्याला नाही, मला. "आत्या, पुढच्या वर्षी मी शिकायला कुठे असेन माहीत नाही. यंदा एकदा पप्पांना पूजेला पाठवा ना. तुमचं ऐकतील."

मी ऐकवायचं ठरवलं. रोज टोचून बोलले. शेवटी तोच म्हणाला, मी सकाळी नियम काढून ठेवतो, यंदा वेळ आधीच जाहीर झालीये. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी तो आला. नियम काढला. कॉम्प्युटरचं घड्याळ पुढे करून संध्याकाळ झाल्याची बतावणी केली आणि दोनदा तपासलं. घड्याळ परत मागे आणलं. जिन्यावरून एकदा परत आला, पडद्यावर काहीतरी केलं आणि मग गेला. मी खिडकीतून पाहिलं. हातात फटाक्यांची पिशवी होती. लेक आता फटाके उडवायच्या वयाची राहिली नव्हती, पण त्याला ते माहीत असायचं कारण नव्हतं.

संध्याकाळी शेठनी पूजा केली. बाजार उघडला. मी टर्मिनलवर सौदे करत होते, शेजारच्या कॉम्प्युटरवर त्याची लायब्ररी. पहिल्या ओळीत 'नाही'. दुसऱ्या ओळीत 'नाही'. वरपासून खालपर्यंत सगळा पडदा 'नाही'नं भरून गेला. आणि फोन वाजायला लागला.

काय झालं ते नंतर कळलं. नियम काढून, तपासून झाल्यावर तो परत घालायची इतक्या वर्षांची सवय. जिन्यावरून परत आला तो कुलूप ओढून पाहायच्या सवयीनंच, आणि त्याच हातानं त्यानं नियम पुन्हा घातला.

शेठ ओरडले, "मास्तरला फोन लावा!" मी नामपूरचा नंबर फिरवला. मुलीनं उचलला.

"अगं, भाव येत नाहीये," मी म्हटलं.

मागे घंटा वाजत होती, कोणीतरी आरती म्हणत होतं. त्यात त्याचा आवाज होता, बेसूर आणि मोठा. मी त्याला कधी गाताना ऐकलं नव्हतं.

"पप्पा पूजेला बसलेत, आत्या," ती हळूच म्हणाली. "नसेल तर नाही म्हणा ना."

आरती थांबली. त्याचा आवाज आला, "कोन शे?"

"कोनी नही, पप्पा," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

मी शेठना सांगितलं, "लागत नाही." आणि मग जो फोन येईल त्याला "आज नाही" म्हणत बसले. येवल्याचे दुकानदार म्हणाले, "बरं, मग उद्या-परवा बघू. शुभ दीपावली." प्रिन्सिपॉलसाहेब म्हणाले, "नाही? चांगलं झालं, पेढे वाटायचा मोह नको." पुण्याच्या इंजिनिअरनं एकाच शेअरचा भाव विचारला, तो मी टर्मिनलवर बघून सांगितला. तास संपला. शेठनी सगळ्यांना अनारसे दिले आणि आम्ही घरी गेलो.

दिवाळी करून तो परतला. दारातूनच हसत होता. "रांगोळी पाहिली, ताई. अख्खी. मोर काढला होता." मग तो कॉम्प्युटरसमोर बसला आणि त्याचा चेहरा उतरला.

"नियम आत होता?"

"होता."

"फोन आले?"

"आले की."

"मग?"

"मग नाही म्हटलं."

"आणि?"

"आणि काय? लोक फराळाला बसले."

"म्हणजे चाललं?"

"चाललं रे. काही अडलं नाही कोणाचं."

मला वाटलं होतं, त्याचा जीव भांड्यात पडेल. त्यानं नियमाची ती ओळ पुन्हा वाचली. मग म्हणाला, "म्हणजे गेल्या वर्षीही..." उठून बेसिनपाशी गेला आणि बराच वेळ तोंड धूत राहिला. नळाचा आवाज बाहेर येत होता. त्याची मला इतकी कणव कधीच आली नव्हती. बाहेरून कडी लावलीय असं समजून माणूस वर्षानुवर्षं खोलीत बसून राहावा, आणि एक दिवस दार नुसतं लोटलेलं निघावं.

पुढच्या उन्हाळ्यात त्यानं नोकरी सोडली. लेक पुण्याला गेली, हा नामपूरला. सटाण्याला कॉम्प्युटरचा क्लास घ्यायला लागला, संध्याकाळी घरी. लायब्ररी त्यानं पुण्याच्या त्या इंजिनिअरच्या हवाली केली. मी सीबीएसवर सोडायला गेले होते. एसटीत चढताना म्हटलं, "अरे, त्या मुहूर्ताच्या नियमाचं काय? इंजिनिअरला सांगून ठेव ना."

"असू दे," तो म्हणाला. "त्या दिवशी नाही म्हणू दे तिला."

त्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पडदा 'नाही'नं भरला आणि फोन वाजला. तोच होता. "काय दाखवतेय, ताई?"

"नाही."

"सगळीकडे?"

"सगळीकडे."

"बरं," म्हणाला आणि ठेवला. मागे घंटा ऐकू आली. पुढच्या वर्षीही तसाच फोन आला. नेमका मुहूर्ताच्या वेळी. गेलास ना रे बाबा, मग पूजा सोडून उठतोस कशाला, असं मनात आलं, पण सणाच्या दिवशी बोलले नाही.

तिसऱ्या वर्षी फोन आला नाही. शेठनी हळदकुंकू वाहिलं, बाजार उघडला, पडद्यावर 'नाही' उमटत गेलं. मी फोनकडे बघत राहिले. तास संपत आला तशी मला धाकधूक वाटायला लागली. बरा असेल ना? दोन दिवसांपूर्वी तर लेकीचा फोन येऊन गेला होता, घरी आलेय, पप्पा कंदील लावतायत म्हणून. तरी राहवेना. मी रिसीव्हर उचलला, नामपूरचे पहिले दोनतीन आकडे फिरवले.

मग ठेवून दिला. म्हटलं, पूजेला बसला असेल.